इन्स्टॉलेशन इमेजचे सानुकूलन

इन्स्टॉलेशन इमेजचे सानुकूलन म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम संगणकावर बसवण्याच्या आधीच तिच्या मूळ संचात हवे ते बदल करून ठेवण्याची प्रक्रिया होय. आवश्यक ड्रायव्हर, सुरक्षा अद्यतने, फाँट, कीबोर्ड आणि उपयोजने या संचात आधीच घातली जातात, नको असलेले भाग काढले जातात आणि प्रतिष्ठापनाच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरेही लिहून ठेवता येतात. असा तयार संच नंतर एका किंवा हजारो संगणकांवर सारख्याच रूपात उतरवला जातो. शाळांच्या संगणक प्रयोगशाळा, शासकीय कार्यालये, बँका आणि मोठ्या कंपन्या यांच्याकडे ही पद्धत रूढ आहे. मराठीच्या दृष्टीने तिला वेगळे महत्त्व आहे. संगणक पहिल्यांदा सुरू होताच त्यावर देवनागरी नीट दिसेल की नाही आणि लिहिता येईल की नाही, हे बहुतांशी इमेज तयार करणाऱ्याने ठरवलेले असते.

संज्ञा

येथे इमेज म्हणजे चित्र नव्हे, तर एखाद्या डिस्कवरील सर्व मजकुराची, त्याच्या रचनेसह, एका फाइलमध्ये साठवलेली नक्कल. मराठीत तिला 'प्रतिमा' असेही म्हटले जाते, परंतु तो शब्द छायाचित्राशी इतका जोडला गेला आहे की तांत्रिक लेखनात 'इमेज' या शब्दानेच कमी घोटाळा होतो. बोलीभाषेत या साऱ्या कामाला 'विंडोज टाकणे' म्हणतात. जुनी विंडोज पुसून नवी टाकणे म्हणजे 'फॉरमॅट मारणे'. या दोन्ही शब्दप्रयोगांत काम संगणकावरच होते असे गृहीत आहे. सानुकूलनात मात्र कामाचा मोठा भाग संगणक समोर येण्यापूर्वीच उरकलेला असतो.

इमेजची रचना

सर्वांत परिचित रूप आयएसओ फाइलचे. सीडी व डीव्हीडीसाठी ठरलेल्या आयएसओ ९६६० या मानकावरून तिला हे नाव मिळाले. या फाइलमध्ये संगणक सुरू करणारा छोटा भाग, प्रतिष्ठापन करणारा कार्यक्रम आणि प्रत्यक्ष ऑपरेटिंग सिस्टीम असे तीन थर असतात. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत शेवटचा थर स्क्वॉशएफएस या संकुचित स्वरूपात असतो. विंडोजमध्ये तो 'इन्स्टॉल.विम' या फाइलमध्ये असतो.

विम हे स्वरूप विंडोज व्हिस्टाबरोबर आले. त्यापूर्वी नक्कल प्रायः डिस्कच्या खंडांवरून, जशीच्या तशी घेतली जाई. न्यूझीलंडमधील बायनरी रिसर्च या कंपनीने १९९५ च्या सुमारास तयार केलेला आणि १९९८ मध्ये सिमँटेकने विकत घेतलेला घोस्ट हा कार्यक्रम त्या काळी इतका प्रचलित होता की संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या तोंडी 'घोस्ट करणे' हे क्रियापदच झाले. मात्र एका संगणकाची अशी नक्कल वेगळ्या जातीच्या मदरबोर्डवर बहुधा चालत नसे. विम ही फाइलींवर आधारित आहे. तीत होम, प्रो अशा अनेक आवृत्त्या एकत्र राहतात आणि त्यांच्यातील समान फाइल एकदाच साठवली जाते. शिवाय ती एखाद्या कपाटासारखी उघडून, आत वस्तू ठेवून पुन्हा बंद करता येते. आजचे सानुकूलन या शेवटच्या गुणधर्मावर उभे आहे.

पद्धती

बदल करण्याचे प्रमुख मार्ग तीन आहेत. व्यवहारात ते एकमेकांत मिसळतात.

पहिल्या मार्गात इमेज चालू न करताच बदलली जाते. विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये आलेल्या डिस्म या आज्ञावलीने इन्स्टॉल.विम एका रिकाम्या फोल्डरवर जोडली जाते, तीत ड्रायव्हर व अद्यतने घातली जातात आणि बदल कायम करून ती सोडवली जाते. सोडवताना बदल कायम करण्याचा पर्याय द्यायचा राहिला, तर तासाभराचे काम वाया जाते. नवशिक्यांची ही नेहमीची चूक आहे. लिनक्समध्ये स्क्वॉशएफएसचा थर उलगडून, सीएचरूट या आज्ञेने त्याच्या आत 'शिरून' पॅकेजे बसवली वा काढली जातात आणि नंतर थर पुन्हा बांधला जातो. डेबियनसाठी लाइव्ह-बिल्ड आणि उबुंटूसाठी क्युबिक ही साधने हेच काम सोपे करतात.

दुसऱ्या मार्गात एक नमुना संगणक पूर्ण सजवून त्याचीच नक्कल घेतली जाते. शिकायला हा मार्ग सोपा, पण त्यातील धोका पुढील विभागात आला आहे.

तिसऱ्या मार्गात इमेजला हात न लावता तिच्यासोबत उत्तरपत्रिका दिली जाते. भाषा कोणती, डिस्कचे भाग किती, वापरकर्त्याचे नाव काय, या प्रश्नांची उत्तरे एका फाइलमध्ये लिहिलेली असतात आणि प्रतिष्ठापन माणसाला न विचारता पुढे जाते. विंडोजमध्ये ही फाइल 'ऑटोअनअटेंड' नावाची एक्सएमएल फाइल असते, रेड हॅट परिवारात किकस्टार्ट आणि डेबियनमध्ये प्रीसीड. उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल ही नवी पद्धत आली. प्रश्नपत्रिकेआधी उत्तरपत्रिका तयार असण्याचे हे बहुधा एकमेव सन्मान्य उदाहरण होय. अशा फाइलमध्ये पासवर्ड उघड लिहिलेला राहू शकतो, ही तिची उणी बाजू आहे.

तयार इमेज पेनड्राइव्हवर उतरवताना एक अडचण हमखास येते. यूईएफआय पद्धतीने सुरू होणारे संगणक साधारणतः फॅट३२ स्वरूपाचा पेनड्राइव्ह मागतात आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. अद्यतने घातलेली इन्स्टॉल.विम ही मर्यादा सहज ओलांडते. तेव्हा डिस्मनेच तिचे दोन वा अधिक तुकडे केले जातात. प्रतिष्ठापन कार्यक्रम ते तुकडे आपणहून जोडून वाचतो.

ओळख पुसणे

इमेजमध्ये काय घातले यापेक्षा तीतून काय काढले हे पुष्कळदा अधिक महत्त्वाचे ठरते. बसवलेल्या प्रत्येक प्रणालीला स्वतःची ओळख असते. नमुना संगणकाची नक्कल घेतली तर ही ओळखही नकलेबरोबर जाते आणि एका खोलीत एकाच नावाची दहा माणसे असावीत तशी स्थिती होते.

विंडोजमधील ही ओळख एसआयडी या संख्येने ठरते. सिसप्रेप हा कार्यक्रम 'जनरलाइझ' पर्यायाने चालवला की ती पुसली जाते आणि नकलेला पहिल्यांदा सुरू होताना नवी ओळख मिळते. या बाबतीत एक रंजक वाद होऊन गेला. मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क रुसिनोविच यांनी २००९ मध्ये एसआयडीच्या पुनरावृत्तीची भीती ही दंतकथाच असल्याचे प्रतिपादन केले आणि ती संख्या बदलणारे स्वतःचेच न्यूएसआयडी हे साधन मागे घेतले. त्यामुळे अनेकांनी सिसप्रेपचा कंटाळा करायला सुरुवात केली. मात्र सिसप्रेप वगळलेल्या नकलांना मायक्रोसॉफ्टने अधिकृत आधार कधीच दिला नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासूनच्या अद्यतनांनी विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ आवृत्त्यांत सारख्या एसआयडीचे संगणक एकमेकांची ओळख पटवून घेण्यास नकार देऊ लागले आणि सोळा वर्षांपूर्वीची 'दंतकथा' खरी ठरली.

लिनक्समध्ये हीच भूमिका मशीन-आयडी ही छोटी फाइल बजावते. ती पुसली नाही, तर काही वितरणांत दोन संगणक नेटवर्ककडून एकच पत्ता मागतात आणि कधी एक चालतो, कधी दुसरा. दोष वायरीचा समजून वायरी बदलल्या जातात. दूरस्थ प्रवेशासाठीच्या एसएसएच किल्ल्याही प्रत्येक संगणकावर नव्याने तयार होणे आवश्यक असते. सर्व संगणकांवर एकच किल्ली असेल, तर ती एका संगणकावरून चोरणाऱ्याला बाकीच्या सर्वांचे सोंग घेता येते.

ड्रायव्हर

ड्रायव्हर आधीच घालण्याची गरज किती मूलभूत असू शकते हे विंडोज ७ च्या अखेरच्या काळात दिसले. २०१५ मध्ये आलेल्या इंटेलच्या स्कायलेक पिढीच्या संगणकांत जुना यूएसबी नियंत्रक काढून टाकलेला होता आणि विंडोज ७ च्या मूळ डिस्कमध्ये नव्या नियंत्रकाचा ड्रायव्हर नव्हता. परिणामी प्रतिष्ठापनाचा पहिला पडदा दिसे, पण कीबोर्ड आणि माउस दोन्ही निर्जीव. भाषा निवडण्याचे बटणही दाबता येत नसे. ड्रायव्हर सीडीवर असला तरी तो बसवण्यासाठी माउस लागतो, आणि माउस चालण्यासाठी ड्रायव्हर. यावरचा उपाय इमेजमध्येच होता. तोही दोन ठिकाणी करावा लागे. 'बूट.विम'मध्ये, म्हणजे प्रतिष्ठापनाच्या पडद्यासाठी, आणि इन्स्टॉल.विममध्ये, म्हणजे नंतरच्या वापरासाठी.

देवनागरी आणि मराठी

विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी वाचण्या-लिहिण्याची सोय विंडोजमध्ये आहे. तिच्यासोबत येणारा मंगल हा फाँट मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रचला. परंतु विंडोज २००० व एक्सपीमध्ये ही सोय आपोआप चालू नसे. एक्सपीत कंट्रोल पॅनेलमधील भाषाविषयक पानावर जटिल लिप्यांसाठीच्या फाइल बसवण्याची एक चौकट होती. तिच्यात खूण केली की संगणक विंडोजची मूळ सीडी मागे. सीडी दुकानदाराकडेच राहिलेली असे. त्यामुळे अनेक संगणकांवर मराठी संकेतस्थळे उघडली की चौकोन दिसत, किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येई.

हीच गोष्ट इमेज तयार करताना एका ओळीत साधत असे. एक्सपीच्या उत्तरपत्रिकेतील प्रादेशिक विभागात भाषागटाचा क्रमांक १५, म्हणजे भारतीय लिप्या, असे लिहिले की बसवलेल्या प्रत्येक संगणकावर देवनागरी पहिल्या दिवसापासून चाले. ती ओळ लिहिलेली नसेल, तर प्रत्येक संगणकापुढे सीडी घेऊन बसावे लागे. व्हिस्टापासून ही अडचण संपली.

विंडोज १० मध्ये तिने वेगळे रूप घेतले. जागा वाचवण्यासाठी मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फाँट मूळ संचातून काढून 'देवनागरी पूरक फाँट' या ऐच्छिक भागात ठेवले गेले आणि निर्मला यूआय हा एकच फाँट सर्वत्र राहिला. संगणक इंटरनेटला जोडलेला असेल आणि वापरकर्त्याने मराठी ही भाषा जोडली, तर हे फाँट मागाहून उतरतात. जोडणी नसेल तर ते येत नाहीत. वर्षानुवर्षे मंगलमध्ये टंकलेले पत्रव्यवहार, प्रश्नपत्रिका आणि अर्जांचे नमुने अशा संगणकावर वाचता येतात, पण दुसऱ्या फाँटमध्ये. ओळी सरकतात, तक्ते फुटतात आणि एका पानाचा अर्ज दुसऱ्या पानावर जातो. मायक्रोसॉफ्टने ऐच्छिक भागांची दिलेली वेगळी आयएसओ जवळ ठेवून डिस्मच्या साहाय्याने हा भाग इमेजमध्ये घातला की प्रश्न मिटतो. शासकीय वा शालेय उपयोगाच्या इमेजमध्ये हा भाग नसणे हा दोषच मानला पाहिजे.

लिनक्सच्या बाजूला डेबियनचा इतिहास उद्बोधक आहे. त्याच्या प्रतिष्ठापन कार्यक्रमाचा मूळ पडदा केवळ अक्षरांचा होता आणि जोडाक्षरे व मात्रा नीट बसवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. एप्रिल २००७ च्या एच या आवृत्तीत चित्रमय पडदा आला आणि भारतीय लिप्यांना वाट मिळाली. १४ फेब्रुवारी २००९ रोजी प्रकाशित झालेल्या लेनी या आवृत्तीत नव्याने समाविष्ट झालेल्या पाच भाषांत मराठी होती. त्या वेळी एकूण ६३ भाषांत डेबियन बसवता येत असे. त्यांपैकी १३ भाषा केवळ चित्रमय पडद्यावरच उपलब्ध होत्या.

मराठी इमेज तयार करताना काही निर्णय विचारपूर्वक घ्यावे लागतात. कीबोर्डच्या यादीत मराठी पहिली ठेवली, तर वापरकर्ता रोमन अक्षरांत ठरवलेला पासवर्ड देवनागरीत टंकतो आणि प्रवेश नाकारला जातो. पडद्यावर ठिपकेच दिसत असल्याने चूक कळत नाही. म्हणून इंग्रजी पहिली, मराठी दुसरी आणि बदलण्याची कळ ठळकपणे सांगितलेली, अशी मांडणी सोयीची ठरते. लिनक्समध्ये संपूर्ण भाषा मराठी केल्यास वापरकर्त्याच्या फोल्डरांची नावेही देवनागरीत होऊ शकतात, आणि रोमन नावे गृहीत धरून लिहिलेले काही जुने कार्यक्रम तेथे अडखळतात. इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात समाविष्ट आहे, परंतु टंकलेखन यंत्रावर शिकलेल्यांचे हात रेमिंग्टन मांडणीवर बसलेले असतात आणि तरुणांना उच्चारानुसारी मांडणी जवळची वाटते. एकच मांडणी घातलेली इमेज यांपैकी कोणाला तरी मुके करते.

अक्षरवळणाचाही प्रश्न आहे. मराठीतील पाकळीचा ल आणि देठाचा श ही वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून निराळी आहेत. काही फाँटांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी असल्याची नोंद असेल तरच मराठी वळण दिसते. इमेजमध्ये देवनागरी म्हणजे हिंदी असे धरून चालले, तर मुलांना फळ्यावर एक ल दिसतो आणि पडद्यावर दुसरा.

शाळा आणि तालुक्याची गावे

लातूर–नांदेड रस्त्यावरील चाकूरसारख्या तालुक्याच्या गावातील दहा संगणकांची खोली उदाहरणादाखल घेता येईल. मूळ डिस्कवरून प्रणाली बसवल्यावर प्रत्येक संगणकाला ४ जीबीची अद्यतने उतरवावी लागली, तर एकूण भार ४० जीबी होतो. सेकंदाला ४ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर, ती क्षणभरही न तुटता चालली तरी, त्याला सुमारे २२ तास लागतात. मध्येच वीज गेली तर काही संगणकांवर काम अर्धवट राहते ते निराळेच. तीच अद्यतने एकदा उतरवून इमेजमध्ये घातली, तर उतरवण्याचा भार ४ जीबीवर येतो आणि बाकीचे काम पेनड्राइव्हवर, जोडणीशिवाय होते. मोठ्या कंपन्यांत सानुकूलनाचा हेतू एकसारखेपणा हा असतो. येथे प्रणाली मुळात पूर्ण बसणे हाच असतो.

सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने विकसित केलेली बॉस ही प्रणाली मूलतः डेबियनचे असेच एक सानुकूलित रूप आहे. ती जानेवारी २००७ मध्ये प्रकाशित झाली. मराठीसह अनेक भारतीय भाषांची साधने तीत आधीपासून असतात आणि शाळांसाठी एड्युबॉस ही वेगळी आवृत्ती काढण्यात आली. केरळात आयटी ॲट स्कूल या शासकीय प्रकल्पाने प्रथम डेबियनवर आणि नंतर उबुंटूवर आधारलेले स्वतःचे संच तयार करून ते राज्यातील शाळांना पुरवले. मल्याळम भाषेची साधने आणि अभ्यासक्रमाला लागणारी उपयोजने त्यांत एकत्र असल्याने शिक्षकांना वेगळे काही बसवावे लागत नाही. एकाच इमेजवर शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मुलांचा वर्ग दोन्ही चालतात, हा त्याचा खरा लाभ.

महाराष्ट्रात २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात येथील छोट्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या चळवळीचे एक्सओ लॅपटॉप देण्यात आले. त्यांची प्रणाली फेडोरा लिनक्सवर आधारित होती व मुलांसाठी शुगर हा पडदा होता. चोरी आणि छेडछाड टाळण्यासाठी कुलूपबंद एक्सओ लॅपटॉप केवळ संस्थेने स्वाक्षरी केलेली इमेजच स्वीकारत. म्हणजे एखाद्या शाळेने स्वतः बदललेली इमेज त्यांवर चालत नसे. पुढे छोट्या प्रकल्पांसाठी 'सानुकूलन किल्ली' नावाची युक्ती काढण्यात आली: मूळ इमेज तशीच ठेवून तिच्यावर शैक्षणिक कृती आणि पुस्तके चढवणारा यूएसबी पेनड्राइव्ह. सुरक्षितता आणि स्थानिक गरज यांतील हा तडजोडीचा मार्ग आजही विचारात घेण्याजोगा आहे.

सुरक्षितता

बदललेली इमेज ही बदलणाऱ्यावरील विश्वासावर चालते. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर हल्ला करून हल्लेखोरांनी १७.३ या आवृत्तीच्या दुव्याजागी चोरदार असलेली इमेज ठेवली. ती बसत होती, चालतही होती. इमेज खरी आहे का हे पाहण्यासाठी एसएचए-२५६ ठसा ताडून पाहिला जातो, पण तो ठसा ज्या संकेतस्थळावरून घ्यायचा तेच हल्लेखोराच्या ताब्यात असेल तर ठशाचा उपयोग नाही. म्हणून ठशावरील जीपीजी स्वाक्षरीही तपासावी लागते. 'हलकी केलेली विंडोज' म्हणून फिरणाऱ्या अनामिक इमेजांना अशी कोणतीच स्वाक्षरी नसते. जागा वाचवण्यासाठी त्यांतून पुष्कळदा अद्यतनांची यंत्रणा आणि विषाणूरोधकच काढलेले असतात.

दुसरा धोका शिळेपणाचा. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी एका गंभीर त्रुटीवरील दुरुस्ती प्रसिद्ध केली आणि १२ मे रोजी त्याच त्रुटीतून वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. त्या वर्षी फेब्रुवारीत तयार केलेली आणि नंतर न उघडलेली इमेज जूनमध्ये बसवली असती, तर नवा कोरा संगणक नेटवर्कला जोडताच उघडा पडला असता.

इमेज हाताशी असण्याचे मोल त्याच वर्षी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दिसले. २७ जून २०१७ रोजीच्या नॉटपेट्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा बंद पडली. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. कंपनीचे अध्यक्ष जिम हागेमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितल्यानुसार ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत पुन्हा उभे करण्यात आले. एका वेळी एका संगणकावर 'विंडोज टाकत' बसून हे साधले नसते.

परवाना

मुक्त परवान्यातील लिनक्स वितरणे बदलून वाटण्यास मुभा असते. मूळ वितरणाचे नाव व बोधचिन्ह वापरण्यावर मात्र बहुधा निर्बंध असतात. विंडोजच्या बाबतीत संगणकाबरोबर मिळालेल्या परवान्यात स्वतःची इमेज तयार करून अनेक संगणकांवर बसवण्याचा अधिकार येत नाही. त्यासाठी व्हॉल्यूम परवाना लागतो. श्रीलिपी किंवा आयएसएम यांसारखी परवान्याने मिळणारी मराठी सॉफ्टवेअरे इमेजमध्ये न घालता प्रत्येक संगणकावर नंतर बसवणे इष्ट असते.

जुने संगणक

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि शाळांतील अनेक जुन्या संगणकांत ती नसते. इमेजमध्ये नोंदणीचे काही बदल करून ही तपासणी वगळता येते, परंतु अशा संगणकांना पुढील अद्यतने मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यामुळे ही युक्ती घरच्या एका संगणकापुरती ठीक असली, तरी अख्ख्या प्रयोगशाळेची भिस्त तीवर ठेवणे धोक्याचे आहे. अशा संगणकांसाठी डेबियनवर आधारित मराठी इमेज हा पर्याय उरतो. त्यातही प्रोसेसर ६४-बिटचा आहे का हे आधी पाहावे लागते, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२-बिट संगणकांसाठीच्या इन्स्टॉलेशन इमेज काढणे बंद झाले आहे. त्या संगणकांसाठी डेबियन १२ हीच शेवटची आवृत्ती होय.